विटीचा घाव

“डोळे उघडे ठेवा, मान सरळ करा, हसू नका,” असे मी रोज संध्याकाळी दहा-बारा जणांना सांगत असते. मी काही फोटोग्राफर नाही. कॉलेज सुटले की जयसिंगपूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी अर्ज भरून देण्याचे काम करते. शिष्यवृत्तीचे, भरतीचे, दाखल्यांचे, असे नाना तऱ्हेचे अर्ज असतात. पण अर्ज कोणताही असो, घोडे अडते ते फोटोपाशी! कुठे फोटो २० ते ५० केबीतच बसला पाहिजे, कुठे तो २०० बाय २३० पिक्सेलचाच पाहिजे, कुठे जेपीजीच पाहिजे, पीएनजी चालत नाही. नव्या फोनमधून एचईआयसी नावाचे फोटो येतात, ते तर बहुतेक अर्ज घेतच नाहीत. मग माणसे घामाघूम होऊन माझ्याकडे बघतात आणि मी एका रूपातला फोटो दुसऱ्या रूपात करून देते. दोन मिनिटांचे काम, दहा रुपये.

हे काम मी हसतखेळत करते. पण एक फोटो असा होता, की त्याचे रूप बदलता बदलता आमच्या घरातले एक माणूस दुसऱ्यांदा गेले. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

आमचे गाव शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा, म्हणजे माझे वडील, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. २०१९ च्या उन्हाळ्यात ते आजाराने गेले, तेव्हा मी सातवीची परीक्षा नुकतीच दिली होती. आबांना फोटो काढून घ्यायची हौस नव्हती. फोटो म्हणून जो काही होता, तो बँकेच्या पासबुकावर चिकटवलेला, बोटाएवढा. त्यांच्या खांद्यावर बँकेचा गोल शिक्का उमटलेला. गावात श्रद्धांजलीचा फलक लावायचा म्हणून माझ्या चुलतभावाने, दादाने, त्याच फोटोचा आपल्या मोबाइलवर फोटो काढला. आणि हे बरेच झाले म्हणायचे, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. परत आलो तेव्हा पत्र्याची ट्रंक चिखलाने भरलेली होती, आणि पासबुकाची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा नुसता लगदा झाला होता. आबांचा चेहरा असलेला तो कागद आईने उन्हात वाळवला. पण त्यावर काही उरले नव्हते.

पुढच्या वर्षी आई म्हणाली, “भिंतीला त्येंचा एक फोटू पायजे.” दादाने कुणाकडून तरी फलकावरचा फोटो मिळवला आणि मोठा करून, चांगल्या सोनेरी चौकटीत बसवून आणला. मोठा म्हणजे हातभर मोठा! सगळे भोवती जमले. आई पदराला हात पुसत पुढे आली. तिने फोटो जवळून पाहिला, मग लांबून पाहिला, आणि म्हणाली, “ह्ये तुझं आबा न्हवंत.”

आम्ही गप्प झालो. दादा म्हणाला, “काकू, असं काय म्हन्तीस? त्येच हाईत की!”

“मग भुवईवरचा इटीचा घाव कुठं हाय?”

आबांना लहानपणी विटीदांडू खेळताना डाव्या भुवईवर विटी लागली होती. तिथे एक बारीक, तिरपी रेघ होती. त्या रेघेपुरते भुवईचे केस उगवले नव्हते. मला तर तो घाव आठवतही नव्हता! फोटोत भुवई अखंड होती, काळ्या पट्ट्यासारखी. गालावर फरशी बसवावी तसे फिके चौकोन दिसत होते. आईने फोटो लावू दिला. पण दाराच्या मागच्या भिंतीला. दार उघडे असले की तो दिसत नसे, आणि आमचे दार दिवसभर उघडेच असते.

मी अकरावी-बारावी झाले, कॉलेजात आले, दुकानात कामाला लागले, तरी तो फोटो डोक्यातून गेला नव्हता. दुकानात पहिल्याच महिन्यात मला कळले, की फोटोचे नाना प्रकार असतात आणि त्यांपैकी पीएनजी या प्रकारात फोटोची प्रत जराही उतरत नाही. मला केवढा आनंद झाला! दादाकडून आबांचा तो फोटो मागवून घेतला. तो होता ३८ केबीचा जेपीजी. दुकान रिकामे असताना मी त्याचे पीएनजी केले. ३८ केबीचा फोटो एकदम ५०० केबीच्या वर गेला. मी अधीरपणे तो उघडला. तेच चौकोन, तीच अखंड भुवई.

दुकानाचे मालक काका मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, “पोरी, पाणी घातलेलं दूध पितळेच्या चरवीत ओतलंस म्हणून ते घट्ट होईल का?”

त्या संध्याकाळी काकांनी मला जे समजावले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते कलाशाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला समजले, म्हणजे कुणालाही समजेल.

संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लिहून ठेवायचे. साध्या मोबाइलच्या फोटोतही १ कोटी २० लाख ठिपके असतात, म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे झाले. हे सगळे जसेच्या तसे लिहिले तर एक फोटो सुमारे ३६ एमबीचा होईल. म्हणून तो आटोपशीर लिहावा लागतो. आणि आटोपशीर लिहिण्याच्या रीती दोन.

माझी आई दुसऱ्यांच्या मळ्यात भांगलणीला जाते. तिथला मुकादम हजेरी लिहितो. समजा, त्याने रोज ‘हजर, हजर, हजर’ असे तीस वेळा लिहिण्याऐवजी ‘तीस दिवस हजर’ असे एकदाच लिहिले. जागा वाचली, पण पगाराला काही धक्का लागला नाही. त्या एका ओळीवरून तीसच्या तीस दिवस पुन्हा मांडता येतात. ही झाली पहिली रीत. पीएनजी या रीतीने चालते. तिच्या युक्त्या याहून पुष्कळ चतुर आहेत, पण तत्त्व हेच. त्याआधी १९८७ मध्ये निघालेल्या जिफ या प्रकारातही काहीसे असेच होते. पण त्यात वापरलेल्या युक्तीवर एका कंपनीचे पेटंट होते आणि १९९४ च्या शेवटी तिचे पैसे मागितले जाऊ लागले. तेव्हा जगभरच्या काही जाणत्यांनी एकत्र येऊन कुणालाही फुकट वापरता येईल असा पीएनजी घडवला. १९९६ मध्ये तो पक्का झाला. शिवाय एका जिफ चित्रात २५६ च रंग मावत. फोटोचे जिफ केले की बाकीचे रंग गळून पडायचे.

आता दुसरी रीत. समजा, मुकादमाने लिहिले, ‘साधारण महिनाभर हजर.’ जागा आणखी वाचली. वरवर पाहणाऱ्याला काही चुकले असेही वाटणार नाही. पण मधल्या एका मंगळवारी आई अर्धाच दिवस गेली होती, आणि एका रविवारी तिने जादा काम केले होते, ते कायमचे पुसले गेले. ते आता कुणीही त्या ओळीतून बाहेर काढू शकणार नाही. जेपीजीची रीत ही अशी आहे.

जेपीजी फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनात चौसष्ट ठिपके. या ठिपक्यांच्या आकड्यांवरून गणिताने दुसरे चौसष्ट आकडे काढतात. पहिला आकडा त्या चौकोनात एकंदर उजेड किती ते सांगतो. पुढचे आकडे त्या उजेडात सावकाश होणारे चढउतार सांगतात, आणि अगदी शेवटचे आकडे बारीकसारीक, झपाट्याने होणारे बदल सांगतात. केसांची कड, कापडाचा धागा किंवा भुवईवरची रेघ, हे सगळे त्या शेवटच्या आकड्यांत असते. मग आकडे मोठ्या संख्येने भागून अपूर्णांक सोडून देतात. बारीक बदलांचे आकडे मुळातच लहान, म्हणून त्यांतले बहुतेक शून्य होतात. शून्यांची रांग लिहायला जागा कितीशी लागणार? फोटो लहान किती करायचा, त्यावर हा भागाकार ठरतो. फार लहान केला तर चौकोनात पहिल्या आकड्याखेरीज काही उरतच नाही, आणि मग गालावर फरशी दिसू लागते.

हे गणित ज्यांनी मांडले ते नासिर अहमद आपल्या बंगळूरचे, जन्म १९४० चा. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले, ते नाकारले गेले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोघांबरोबर १९७४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्याच पायावर १९९२ मध्ये जेपेगचे प्रमाण ठरले. हे वाचताना मला अभिमान वाटला. जेपीजीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ते नसते तर गावाकडच्या तोकड्या इंटरनेटवरून माझ्या मैत्रिणींचे शिष्यवृत्तीचे अर्ज कधी पोहोचलेच नसते.

पण या गणिताबरोबर एक गृहीत धरलेले आहे. माणसाचा डोळा उजेडातला फरक चटकन ओळखतो, रंगातला बारीक फरक त्याला तितका कळत नाही, आणि अगदी सूक्ष्म तपशील गेला तरी त्याच्या लक्षात येत नाही. तेव्हा जे लक्षात येत नाही तेच आधी टाकायचे. हे खरेही आहे. अर्ज तपासणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, फलक वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, माझ्यासुद्धा आले नाही. पण हा डोळा कुणाचा? हा दहा जणांचा सरासरी डोळा. ज्या बाईने त्या भुवईकडे सोळा वर्षे पाहिले, तिचा डोळा यात धरलेलाच नाही.

मग काकांनी मला विचारले, “हा फोटो किती हातांतून गेला?” मी बोटांवर मोजू लागले. दादाने मोबाइलवर काढला, तो एक. त्याने फलकवाल्याला मेसेजमधून पाठवला, तिथे तो लहान झाला, ते दोन. फलकवाल्याने कापून पुन्हा साठवला, ते तीन. कुणीतरी तो स्टेटसला ठेवला, ते चार. तिथून कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, पाच. तो चौकटवाल्याला पाठवला, सहा. काका म्हणाले, “फाइल नुसती उघडून बघितली तर झिजत नाही. तशीच उचलून पेनड्राइव्हवर ठेवली तरी झिजत नाही. पण बदल करून पुन्हा जेपीजी केली, की दर वेळी नवा भागाकार. तुझ्या आबांवर पाच-सहा भागाकार झालेत. आता पहिली फाइल शोध. ती सापडली तरच काही.”

ती शोधायला मला दोन महिने लागले. दादाचा २०१९ चा मोबाइल केव्हाच फुटला होता. दरम्यान त्यानेही आपल्या परीने प्रयत्न केला. चेहरे स्वच्छ करून देणारे एक ॲप त्याने वापरले आणि मला उत्साहाने फोटो पाठवला. काय तो चेहरा! गुळगुळीत गाल, कोरलेल्या भुवया, पाणीदार डोळे. सिनेमातला कुणी नट शोभला असता. जे नव्हते ते संगणकाने आपल्या मनाने भरले होते. तो फोटो मी आईला दाखवलाच नाही.

शेवटी दिवाळीच्या साफसफाईत चुलतीला देवघराच्या खणात एक काड्यापेटी सापडली. तिच्यात दोन जुनी सिमकार्डे आणि नखाएवढे एक मेमरी कार्ड. मी ते मुठीत धरून एसटीने दुकानात आणले. वाटेत तीनदा मूठ उघडून पाहिली. काकांनी ते यंत्राला लावले. लग्नाच्या वराती, बैलांचे फोटो, कुणाची तरी मोटारसायकल, आणि त्यांत एक पासबुक. २.८ एमबी. कोपऱ्यात दादाचा अंगठाही आला होता! मी पासबुकावरचा चेहरा मोठा करत गेले. डाव्या भुवईच्या शेवटाकडे एक तिरपी, फिकट रेघ होती.

मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग काकांनी मला ते काम नीट करायला शिकवले. मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी तिच्या दोन प्रती, एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर. कामासाठी तिसरी प्रत घ्यायची. तिच्यातून चेहरा कापला आणि तो पीएनजी म्हणून साठवला, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडून थोडा उजळ केला, थोडा सरळ केला, तरी साठवताना काही गळत नाही. मी विचारले, “मग याला आता मूळ म्हणायचं का?” काका म्हणाले, “नाही. मोबाइलनंसुद्धा तो जेपीजीच काढलाय, तेव्हा पहिला भागाकार तिथंच झाला. मूळ होतं पासबुकावर, ते पुरात गेलं. पण यापुढचं नुकसान आपल्या हातानं व्हायला नको, एवढंच आपण बघायचं.”

तो कापलेला चेहरा होता ९०० बाय ११५० ठिपक्यांचा. छपाई नेटकी यायची तर एका इंचात ३०० ठिपके हवेत. म्हणजे फोटो झाला तीन इंच रुंद आणि चार इंचांहून थोडा कमी उंच. काका म्हणाले, ओढून मोठा करता येईल, पण ओढलेल्या जागी नवे काही येणार नाही. खांद्यावरचा बँकेचा शिक्का पुसून देऊ का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. तो शिक्काही आता आमच्या घरचाच झाला होता.

हे सगळे चालू असताना मला माझेच एक आठवत होते. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर देताना मी ‘व्हतं’ म्हणाले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्या दिवसापासून मी ‘होतं’ म्हणायला शिकले, आणि हा लेखही मी पुस्तकी भाषेतच लिहिते आहे. त्याचे मला दुःख नाही. अर्जाला जसा जेपीजी लागतो, तशी जगात वावरायला ही भाषा लागते. पण मध्यंतरी घरी गेले असताना मी आईला म्हटले, “आई, पाणी हवं आहे.” आई हातातले काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कुणाच्या घरी आलीयास?” मी चटकन “पानी दे की गं” म्हणाले, तेव्हा ती हसली. रूप बदलायला हरकत नाही. मात्र बदललेल्या रूपालाच मूळ समजून त्याच्यावर पुन्हा पुन्हा कातर चालवू नये, आणि परत जाता येईल अशी एक प्रत कुठेतरी जपलेली असावी, इतके मला या फोटोने शिकवले. मागच्या बाकांवर हसणाऱ्यांना माझ्या बोलण्यातले जे गेलेले कळणार नाही, ते आईला कळते.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा एकुलता एक फोटो असेल. त्याची पहिली फाइल कुठे आहे ते आजच बघा. कुणाला पाठवायचा झाला तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो वाटेत लहान होत नाही. अर्जासाठी लहान करायचा तर प्रतीवर करा, आणि प्रतीला वेगळे नाव द्या. मूळ फाइलवरच साठवू नका. नुसते नावाच्या शेवटी जेपीजीच्या जागी पीएनजी लिहून काही होत नाही, आणि एकदा जे गेले ते कोणत्याही रूपात परत येत नाही.

शनिवारी रात्री मी फोटो घेऊन घरी गेले. चौकट साधी, लाकडी घेतली होती. भोवती पांढरी कडा पुष्कळ आणि मधे एवढासा फोटो. आईने तो दिव्याजवळ नेला. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने बोट भुवईवर, नेमके तिथे ठेवले.

मी म्हटले, “आई, ल्हान झालाय गं. मोठा करता आला न्हाई.”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “हाईत तेवढं तर तेच हाईत.”

दाराच्या मागचा मोठा फोटो तिने स्वतः उतरवला, आणि हा लहान त्या जागी न लावता चुलीसमोरच्या भिंतीला लावला, जिथे ती सकाळ-संध्याकाळ बसते.